आई सरकारी, बाप रानातला

ऐनटोल्याच्या कोसा बीज केंद्राची प्रमुख हेमलता वलथरे हिला त्या वर्षी दोन गोष्टींचा वीट आला होता. एक ऊन आणि दुसरं यश. ऊन निदान संध्याकाळी उतरायचं. यश तीन वर्षं उतरायचं नाव घेत नव्हतं. सारखे कुणी ना कुणी पाहुणे ते बघायला यायचे, ऐनाच्या झाडाखाली उभे राहून फोटो काढायचे, हे झाड कसलं म्हणून विचारायचे आणि जेवण आटोपून नागपूरच्या विमानासाठी निघायचे.

यशाचं नाव 'कोसाक्रांती'. कोसा म्हणजे झाडीपट्टीतलं रानरेशीम. घरात तुतीचा पाला खाऊन वाढतो तो रेशीमकिडा वेगळा. हा ऐनावर आणि अर्जुनावर उघड्यावर वाढतो. मुंग्या-कावळ्यांच्या तोंडातून वाचलाच, तर अंड्याएवढा टणक कोष विणतो आणि त्यातून हाताच्या पंजाएवढा पतंग बाहेर येतो. पतंग असं तिथे कुणी म्हणत नाही, सगळे पाखरूच म्हणतात. उन्हाळे अठ्ठेचाळीस अंशांवर जायला लागले तसा हा किडाही मेटाकुटीला आला. कोष पातळ, धागा तुटका. तेव्हा संशोधन संस्थेचे संचालक डॉ. निरंजन दाबके यांनी पुण्यात बसून त्याच्या अंगात ऊन सोसणारं आणि धागा जाड करणारं जनुक बसवलं. ते पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवत बसायचा त्रास नको, म्हणून त्याला त्यांनी वाहनही दिलं. ते वाहन म्हणजे उडी मारणारं जनुक.

उडी मारणारी जनुकं ही काही दाबक्यांची निर्मिती नव्हे. कीटकाच्या पेशीत जी जनुकांची पोथी असते, तिच्यातली बरीच पानं याच मंडळींनी अडवलेली असतात. कुठे दहावा हिस्सा, कुठे निम्म्याहून जास्त. स्वतःला कापून काढायचं किंवा स्वतःची नक्कल करायची आणि दुसऱ्या पानावर जाऊन बसायचं, एवढाच त्यांचा उद्योग. बसताना खाली कुणाचं काय चिरडलं, हे ती बघत नाहीत. बहुतेक जण फार पूर्वीच मोडून पडले आहेत. थोडे जागे आहेत, आणि जागा असलेला एक जरी नव्या घरात शिरला तरी तो घर भरून टाकतो. गेल्या शतकात फळमाशीच्या एका जातीत असं नवं जनुक शिरलं आणि काही दशकांत जगभरच्या रानमाश्यांत जाऊन पोचलं. दाबक्यांना नेमकी हीच गोष्ट आवडली होती. "स्वप्रसारित तंत्रज्ञान," ते म्हणाले होते. "मनुष्यबळच नको."

नियम मात्र कडक होता. केंद्राने अंडी द्यायची, लोकांनी कोष पिकवायचे, सगळे कोष केंद्रालाच विकायचे. घरी बीज धरायचं नाही, म्हणजे कोषातून पाखरू काढून त्याची अंडी घ्यायची नाहीत. चुकून पाखरू निघालंच तर मारून टाकायचं.

"सर, आमच्याकडे कुणी पाखरू मारत नाही," पहिल्याच बैठकीत हेमलता म्हणाली होती.

"मग सांगा त्यांना मारायला."

"सांगते. ऐकणार नाहीत."

"पत्रक छापू."

पत्रक छापलं. छान रंगीत होतं.

'आमच्याकडे' हा शब्द हेमलताने उगाच वापरला नव्हता. ती स्वतः ढिवरांच्या घरातली. तिचा बाप तळ्यात जाळं टाकायचा आणि रानात कोसा राखायचा. धाकटा भाऊ दुधराम अजून दोन्ही करत होता. ज्या मादीला जोडीला नर मिळाला नाही, तिच्या पंखाच्या मुळाशी सैल दोरा बांधून तिला संध्याकाळी ऐनाच्या फांदीवर ठेवायचं, म्हणजे रानातला नर वासावर येतो, ही रीत ती परकर घालायच्या वयात शिकली होती. आणि उरलेले नर? ते सोडून द्यायचे. रानातून आले, रानात गेले. यात वाद घालण्यासारखं काही आहे, हे त्या लोकांना रंगीत पत्रक येईपर्यंत ठाऊकच नव्हतं.

चौथ्या वर्षीच्या जूनमध्ये पहिली तक्रार आली. रानातले कोष गोळा करून त्यांच्यावर बीज धरणाऱ्या तीन बायका टोपली घेऊन केंद्राच्या पायरीवर बसल्या होत्या. टोपलीत पाखरं.

"बाई, हे अंडे देत नाई."

"कधीपासून देत नाहीत?"

"देल्लेच नाई, तं कधीपासून का सांगू?"

हेमलताने एक मादी घेतली, प्रयोगशाळेत नेली आणि पोट उघडलं. साबुदाण्याने ठासून भरलेल्या पिशवीसारखं असतं मादीचं पोट. इथे दोन बारीक दोरे होते आणि त्यांना मोहरीएवढ्या गाठी. बाकी पाखरू देखणं होतं, पंखांवरचे डोळे सुरेख, अंग भरलेलं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी रंगवलेल्या सरकारी विश्रामगृहासारखं. नळ होता, पाणी नव्हतं.

दुसरी मादी उघडली. तिसरी उघडली. मग तिने खुर्ची ओढली, पंखा लावला आणि पुण्याला फोन लावला.

"उष्णता," दाबके म्हणाले.

"यांना ऊन नवं नाही सर. आणि उन्हाने पंख आखूड होतात, पाखरं मरतात. ही टुणटुणीत आहेत. फक्त वांझ आहेत."

"तरी उष्णताच लिहा मॅडम. उष्णतेवर कुणी खुलासा मागत नाही."

तिने उष्णता लिहिलं. आणि पाखरांचे पाय जनुकं वाचणाऱ्या यंत्रात घालून तपासलेही. रानातल्या पाखरांत, जिथे त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तिथे दाबक्यांचं वाहन उभं होतं. एकेका पाखरात दहा-दहा ठिकाणी.

तिने हे कळवलं. वरून आदेश आला: कोसाक्रांतीचा साठा सर्वत्र जाळावा, आणि कुणाच्या घरी आढळल्यास तिथेही जाळावा. केंद्राच्या मागे खड्डा खणून हेमलताने तीन वर्षांचं यश एका दुपारी जाळलं. जिवंत कोष जळताना भाजक्या शेंगांसारखा वास येतो. वाईट वाटायला हवं, असं तिला वाटलं. पण पंचवीस वर्षं नोकरी झाली की वाईट वाटण्याआधी माणूस जरा बसून घेतो.

"कुणाच्या घरी आढळल्यास" म्हणजे कुणाच्या, हे तिला शोधावं लागलं नाही.

*

"या सरकार," दुधराम म्हणाला. तो पडवीत जाळं शिवत बसला होता. ताईला सरकार म्हणायची सवय त्याला तिला नोकरी लागली त्या दिवसापासून होती. आधी त्यात कौतुक होतं. हल्ली राहिलं नव्हतं. "पानी पेता का जारून जाता?"

"चहा ठेवायला सांग. मग जाळते."

"शेवंते! सरकारले चहा. साखर कमी टाक, गोड बोलाचं नाई तिले."

पडवीच्या आढ्याला कोषांच्या माळा टांगल्या होत्या. ऑगस्टचं पहिलं पीक. कोष असे भरलेले की हेमलताला उगाच लहानपण आठवलं. साऱ्या टापूत यंदा रानकोसा धरणाऱ्यांचे हात रिकामे होते आणि याच्या आढ्याला जागा पुरत नव्हती.

"नियम माहीत होता ना रे तुला?"

"पत्रक वाचलं ना मी. चांगलं होतं. पोराच्या पुस्तकाले कवर घातलं."

"दुधराम."

"का दुधराम? तुह्या क्रांतीचे कोष इकाले नेले, तं माळेत थोडे राहून गेले. त्यातून माद्या निघाल्या. नर एक नाई. आता त्याहीले का खलात कुटू तुह्यासारखं?"

हा टोमणा तिला ओळखीचा होता. केंद्रात अंडी घालून झाली की प्रत्येक मादी खलात कुटून रोग आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काम म्हणजे काम. दुधरामने ते एकदा, केंद्राच्या उद्घाटनाला आला होता तेव्हा बघितलं होतं. जेवायला थांबला नव्हता.

"मग काय केलंस?"

"का करनार? बांधल्या झाडावर. रानातले नर आले, अंडे देल्ले, पोरं झाले. त्याच पोरांचे पोरं हे. तीन पिढ्या झाल्या. मस्त चालून रायलं."

"आणि जे नर उरले?"

"ते उडवून देल्ले." मग तो जाळ्यावरून मान वर न करता म्हणाला, "तुह्या तोंडावरून वाटते, तेच चुकलं."

हेमलता उठली. आतून ताट मागून घेतलं, माळेतून एक नुकतीच निघालेली मादी काढली आणि पडवीतच पोट उघडलं. दुधरामने तोंड फिरवलं. ताटात साबुदाणा सांडला. भरगच्च, टपोरा, नीट रांगेत.

ती बराच वेळ बघत राहिली.

"हिची आई कोण म्हणालास? अगदी मुळातली?"

"आई सरकारी, बाप रानातला."

"आणि त्या वांझ आहेत त्यांचं उलटं," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "आई रानातली, बाप सरकारी."

शेवंता चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. दुधरामची बायको, बोलायला कधी कमी नाही. "अवं बाई, तं फरक का पडते? आई-बाप इकडून घ्या का तिकडून घ्या, बेरीज तेवढीच ना?"

"बेरीज तेवढीच. पण अंडं कोणाचं?"

मग हेमलताने चहा पीत त्यांना ते सांगितलं. आपल्याच शब्दांत सांगितलं, कारण दाबक्यांच्या शब्दांत सांगून ते तिला स्वतःलाही पटलं नसतं. ती उडी मारणारी जनुकं म्हणजे घरातली उपद्रवी माणसं. ज्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्या घरातल्या आईला ती ओळखीची असतात. ती अंडं बनवते तेव्हा त्यात दाणापाण्याबरोबर पहारेकरीही ठेवून देते. जनुकाच्याच भाषेतल्या बारीक बारीक चिठ्ठ्या असतात त्या. हा दिसला की धर, तो दिसला की दाब. पिल्लू अजून ठिपक्याएवढं असतानाच पहारा सुरू होतो. बापाकडे हे द्यायला जागाच नसते. तो येतो हात हलवत, नुसती पोथी घेऊन.

"हे बरीक खरं हाये," शेवंता म्हणाली.

"तू गप वं," दुधराम म्हणाला.

"म्हणजे आई जर केंद्रातली असली, जिथे हा उपद्रवी बऱ्याच पिढ्या राहिलाय, तर तो आला तरी पहारा तयार. पोरं धडधाकट. पण आई रानातली आणि बाप केंद्रातला असला, तर पोथीतून उपद्रवी घरात शिरतो आणि पहारेकरी एकही नाही. तो मोकाट उड्या मारतो. आणि कुठे, तर जिथून पुढची अंडी व्हायची त्याच पेशींत. तिथे सगळी मोडतोड. बाकी अंगाला काही होत नाही. म्हणून पाखरू दिसतं छान."

दुधरामने सुई खाली ठेवली. "म्हंजे मी जे नर सोडले—"

"ते रानातल्या माद्यांकडे गेले. हो."

कोंबडी ताटाकडे यायला लागली तशी शेवंताने ताट उचललं.

"मले कोनी सांगतलं नाई," दुधराम शेवटी म्हणाला.

पत्रकात सांगितलं होतं, असं हेमलता म्हणू शकली असती. पण पत्रकात 'मारा' एवढंच होतं. 'का' नव्हतं. 'का' छापायला जागा उरली नाही, असं कळवण्यात आलं होतं. जागा लोगोंना गेली होती.

*

"फारच इंटरेस्टिंग," दाबके पडद्यावर म्हणाले. त्यांच्यामागे पुस्तकांचं कपाट होतं, तेही पडद्यावरच. "दिशात्मक वंध्यत्व. पेपर होईल याचा. पण आधी जाळा."

"सर, हे जाळलं तर रानात फक्त बिनपहाऱ्याच्या माद्या उरतात. सरकारी रक्ताचे नर अजून फिरतायत, त्यांची गाठ याच माद्यांशी पडणार. दोन-तीन वर्षांत कोसा संपेल. पहारा असलेल्या माद्या आता फक्त या एका घरात आहेत. केंद्रातल्या मी तुमच्या आदेशावरून जाळल्या. यातले नर नष्ट करते, माद्या तेवढ्या रानात सोडू. पहारा आईकडून लेकीकडे जात राहील. पुढे त्यांना नरही होतील, पण तोवर रानात पहारेवाल्या माद्या पुरेशा असतील. चार-पाच पिढ्यांत पहारेवालीच घराणी उरतील."

"आणि आपलं जनुक कायमचं रानात राहील."

"ते गेलंच आहे सर."

"गेलं हे सिद्ध कोण करणार?" दाबके समजुतीने बोलत होते, वर्गात शेवटच्या बाकाशी बोलावं तसे. "मॅडम, असं बघा. कोसा नामशेष झाला तर हवामान बदल. दुःखद आहे, आपण परिसंवाद घेऊ. पण रानभर आपलंच पाखरू उडायला लागलं, तर प्रत्येक पाखरू म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा. पंख असलेला."

"म्हणजे मेलेलं चालेल."

"असं मी म्हटलेलं नाही. परवापर्यंत जाळल्याचे फोटो टाका. ठिकाण-वेळेसकट."

पडदा काळा झाला. त्यात हेमलताला स्वतःचा चेहरा दिसला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. दोन वर्षं उष्णता लिहीत काढायला काहीच हरकत नव्हती. तिने उठून खिडकी उघडली. बाहेर ऐनाची झाडं होती, आणि त्यांच्यावर यंदा एकही अळी नव्हती. पानं सगळी शाबूत होती. कुणीही न खाल्लेली हिरवीगार पानं किती वाईट दिसतात, हे तिला आजवर माहीत नव्हतं.

फोटोत नर कोणता आणि मादी कोणती हे कळत नाही, असा विचार तिच्या मनात आला. पंचवीस वर्षांच्या नोकरीतला हा पहिलाच स्वतंत्र विचार असावा.

*

"जारू देनार नाई," दुधराम म्हणाला.

"सगळे नाही. नर फक्त."

"नर का कमी हायेत? त्याहीनं का केलं?"

"काहीच नाही केलं. पण एकेक नर रानात गेला की एकेका मादीचा वंश बुडतो. तू सोडलेस ना, बघितलंस ना काय झालं?"

हे लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली होती, आणि लागल्यावर तिला बरं वाटलं नाही.

"बापानं जिंदगीत पाखरू मारलं नाई," तो म्हणाला.

"माहीत आहे. माझाही बाप होता तो."

"होता. मंग तू सरकार झाली."

शेवंता मध्ये पडली. "अवं, भांडा नंतर. बाई, म्हंजे पोरी ठेवाच्या अन् पोरं जाराचे?"

"हो."

"सरकारी योजना हाये?"

"सरकारला माहीत नाही."

"हात्तिच्या," शेवंता म्हणाली. "तीन पोरी झाल्या म्हून माही सासू मले दिवाळीले लुगडं देत नव्हती. असती आज तं दाखवलं असतं."

दुधरामला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. तो उठून माळा उतरवायला लागला. त्याने होकार दिला तो एवढाच.

मादीचा कोष जड असतो, नराचा हलका. हेमलताने केंद्रातला वजनकाटा आणला होता. शेवंता कोष कापून न काढता माळेतून सोडवायची, हेमलता काट्यावर ठेवायची, दुधराम ती सांगेल त्या ढिगात टाकायचा. जडांचा ढीग डावीकडे, हलक्यांचा उजवीकडे. दुपारपर्यंत हात सपासप चालले. मग मध्ये तिसरा ढीग व्हायला लागला. ना जड, ना हलके. दांडगे नर असतील, किंवा पोटाला कमी मिळालेल्या माद्या. काटा त्यांच्याबद्दल काही सांगेना.

संध्याकाळी हलक्यांचा ढीग पेटवला. शेवंताने आजूबाजूला रिकामे फुटके कोषही रचले होते, म्हणजे फोटोत ढीग मोठा दिसावा. हेमलताने ठिकाण-वेळेसकट चार फोटो काढले. दुधराम तळ्याकडे निघून गेला होता, तो धूर विरल्यावर आला.

"अन् हे मधले?" त्याने विचारलं.

"जाळावे लागतील. त्यात एक जरी नर निघून गेला तरी—"

"अन् माद्या असतीन त्या?"

"काय करणार? जोखीम घेता येत नाही."

"जोखीम," तो म्हणाला. शब्द कसा लागतो ते चाखून बघितल्यासारखा. मग तो मधल्या ढिगाजवळ उकिडवा बसला आणि कोष हातात घेऊन खाली ठेवायला लागला. बराच वेळ. "निघू देऊ त्याहीले," तो म्हणाला. "निघाले की डोक्यावरच्या मिशा पाहून समजते. मादीची मिशी बारीक, नराची पिसासारखी. मंग कायले पोरी जाराच्या?"

"निघाले म्हणजे जिवंत पाखरू हातात असेल, दुधराम. कोष जाळणं वेगळं. मग ते हाताने मारावं लागेल. एकेक."

"समजते मले."

"मी मारते. तू नको."

"तुले सोमवारी हापिस हाये. हे का सोमवार पाहून निघनार हायेत?" त्याने उजवा हात तिच्यापुढे केला. "दाखव. कसं मारता तुमी?"

हेमलताने दाखवलं. पंखांच्या खाली, छातीला, अंगठा आणि बोट. दाबायचं. आधी कडक लागतं आणि मग लागत नाही. एवढंच असतं.

"एवढंच?" दुधराम म्हणाला.

"एवढंच."

*

माळा सांजवेळी फुटायच्या. ओले पंख घेऊन पाखरं कोषावर चढून बसायची, आणि पंख सुकेपर्यंत दुधराम कंदिलासारखा दिवा घेऊन एकेकाची मिशी बघत फिरायचा. मादी निघाली की शेवंता दोरा घेऊन तयार. पंखाच्या मुळाशी सैल गाठ, डहाळीवर बसवायची, डहाळी ऐनाला टांगायची. नर निघाला की दुधराम त्याला पाठमोरा होऊन न्यायचा, अंगणाच्या कोपऱ्यात. हेमलता शनिवार-रविवारी यायची. पहिल्या शनिवारी तो जेवला नाही, असं शेवंताने हळूच सांगितलं. दुसऱ्या शनिवारी जेवला.

रानात नर उरलेत की नाहीत, हे कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या काही सकाळी डहाळ्यांवर माद्या होत्या तशाच एकट्या बसलेल्या होत्या. मग एका सकाळी शेवंताने हाक मारली. ऐनाच्या खालच्या फांदीवर जोडी होती. नर विटकरी, पंखाची एक बाजू कावळ्याने तोडलेली, कुठून कुठून आला असेल कुणास ठाऊक. त्यानंतर रोज थोडे थोडे आले. काही अंडी फुटलीच नाहीत, कारण आलेल्यांतले काही नर स्वतःच वांझ होते. पण बरीच फुटली. दुधरामने अळ्या आपल्या राखणीच्या झाडांवर न सोडता आत रानात नेऊन सोडल्या, आणि मुंग्यांच्या वाटेवर राखेची रेघ ओढून परत आला.

पुढच्या वर्षी रानात कोष सापडायला लागले. त्याच्या पुढच्या वर्षी बायका पायरीवर तक्रार न घेता आल्या, नुसत्याच चहाला. हेमलता पाखरांचे पाय तपासत राहिली. दर पिढीत तेच दिसत होतं. एकेक करून रानातल्या जुन्या मातृवंशाच्या रेषा मिटत चालल्या होत्या आणि त्यांच्या जागी एकच घराणं पसरत होतं. झाडीतलं प्रत्येक पाखरू आता दुधरामच्या पडवीतल्या कुठल्या ना कुठल्या मादीचं लेकरू होतं. पाखरं वाचली होती. आधी होती ती पाखरं मात्र नव्हती. याला काय म्हणायचं, हे अहवालाच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

पुण्याला ते दिसायला वेळ लागला नाही. हेमलताने खुलाशाची भाषा मनात तयार करून ठेवली होती, पण खुलासा कुणी मागितला नाही. दाबक्यांनी दिल्लीच्या परिषदेत 'मातृवंशीय संरक्षण: एक नियोजित हस्तक्षेप' असा शोधनिबंध वाचला. खात्याने 'रक्षिता' नावाची योजना काढली. पत्रक छापलं. यावेळी 'का' छापायला जागा होती, पण 'का' चुकीचं होतं.

निवृत्तीच्या महिन्यात हेमलता पत्रकांचा गठ्ठा घेऊन दुधरामच्या घरी गेली. पुढच्या पोराच्या पुस्तकांना कवरं होतील, एवढाच हेतू. पडवीत दुधराम जाळं शिवत होता. आढं रिकामं होतं. एक माळ नाही.

"यंदा कोसा नाही धरलास?"

"नाई."

"रान भरलंय रे. इतकं चांगलं वर्ष पुन्हा येणार नाही."

"मासे पुरतेत."

"शेवंता म्हणाली, गेल्या वर्षीपण नव्हता धरला." ती त्याच्या शेजारी चटईवर बसली. गुडघे कुरकुरले. "माझ्यावरचा राग असेल तर आता सोड. परवापासून मी सरकार नाही."

"राग नाई, बाई." किती वर्षांनी त्याने तिला बाई, म्हणजे थोरली बहीण, म्हटलं होतं. सुई जाळ्यातून काढली, दोरा दाताने तोडला. "तं आईक. पह्यलं पाखरू मारलं ना, तवा हे बोट दोन दिवस सुन्न होतं. घास उतरला नाई."

"माहीत आहे. शेवंताने सांगितलं होतं."

"अन् शेवटचं मारलं तवा मी शेवंतासंग बोलून रायलो होतो. या जाळ्याबद्दलच, भोक किती ठेवाचं म्हून. एका हातानं मारलं, फेकलं, अन् बोलत रायलो. बोलनंबी तुटलं नाई." त्याने हात उलटा-सुलटा करून बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "मंग म्हटलं, आता याच्या हाती पाखरू द्याचं नाई."

कोंबडी पडवीत चढली. त्याने तिला हुसकावलं.

"तुह्यं कसं झालं होतं?" त्याने विचारलं. "पह्यल्यांदा मारलं तवा?"

हेमलता आठवायला लागली. केंद्र आठवलं, खल आठवला, नवा पांढरा कोट आठवला, पहिल्या पगाराचे पेढेही आठवले. बराच वेळ ती आठवत बसली. आतून शेवंता दोनदा चहाला ओरडली.

तिला आठवेना.